अंगरखा, बाराबंदी, नऊवारी आणि गळ्याची झालर: जुन्या धाटणीच्या कपड्यांना घरच्या घरी खळ कशी करायची

पुण्यात वर्षभर कुठे ना कुठे कोणीतरी अंगरखा घालून उभं असतंच. शिवजयंती, पाडव्याची शोभायात्रा, गणपतीतले जिवंत देखावे, कॉलेजच्या एकांकिका, शाळांची गॅदरिंग, आणि आता तर लग्नाआधीचं फोटोशूट पण पेशवाई थाटात. कपडे नीट शिवून घेतात लोक, पैसे पण बरे घालतात, पण अंगावर चढल्यावर ते भाड्याने आणल्यासारखे वाटतात आणि याचं कारण बहुतेक वेळा खळ (म्हणजे स्टार्च) असते. एकतर खळच नाही म्हणून मलमल अंगाला चिकटून लोळागोळा होते, नाहीतर इतकी ठोकलेली असते की पेशवा प्रचाराला निघालेल्या पुढाऱ्यासारखा दिसतो.

माझं म्हणणं एवढंच की ‘कडक’ आणि ‘मऊ’ असं ढोबळ बोलणं सोडा, लिटरला किती ग्रॅम ते ठरवा, आणि कपड्याच्या कुठल्या भागाला लावायची ते ठरवा. बाकी सगळं सोपं आहे, सामान घरातच असतं.

स्प्रेच्या डब्याबद्दल आधीच बोलून टाकतो. विंगेत ऐनवेळी कॉलर पडली तर तो उपयोगी आहे, पण तो कापडाच्या वरच्या वर बसतो, आतपर्यंत जात नाही, आणि आठ मीटर नऊवारीला स्प्रे मारत बसायचं म्हणजे डबाही संपतो आणि हातही दुखतो.

कापड आधी बघा

खळ धरते ती सुती आणि लिनन कापडावर. टेरिकॉट, पॉलिस्टर, ‘मलमलसारखं दिसतं’ म्हणून गळ्यात मारलेलं काहीतरी, यांच्यावर खळ नीट बसत नाही, वाळल्यावर पांढरी पापुद्र्यासारखी सुटते. शंका असेल तर शिवणीच्या आतल्या बाजूचे दोन-तीन धागे काढून चिमट्यात धरून जाळून बघा. सुती धागा कागद जळल्यासारखा वास देतो आणि भुरभुरीत राख होते, पॉलिस्टर वितळून काळा टणक मणी होतो. हे बेसिनवर करा, पडद्याजवळ नको. कापड अजून घ्यायचंच असेल तर रविवार पेठेत कापडगंजात किंवा लक्ष्मी रोडवर जाऊन शुद्ध सुतीच मागा आणि थोडा तुकडा आधी आणून वरची टेस्ट करा.

रेशमाला आणि लोकरीला खळ लावायची नाही. इरकलच्या बाबतीत हे लक्षात ठेवावं लागतं कारण अंग सुती असलं तरी पदर रेशमाचा असतो (हल्ली बऱ्याचदा आर्ट सिल्कचा), मग पदर गोळा करून रबरबँडने बांधायचा आणि बादलीच्या बाहेर धरून बाकीची साडी बुडवायची, दोन माणसं असली तर बरं. जरीचे काठ पण शक्यतो बाहेर. खणाच्या चोळीचा रंग जाण्याची शक्यता जास्त, ती एकटी वेगळी करा.

आणि एक गोष्ट, घरात आजीचं-पणजीचं खरंखुरं जुनं लुगडं, अंगरखा, कुंची असं काही असेल तर त्याला खळ लावू नका. जुना धागा ठिसूळ असतो, खळ घातलेल्या जागी घडी पडली की तिथेच तुटतो, शिवाय कसर (कापड खाणारा किडा) लागते. शुक्रवार पेठेतल्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात जाऊन जुने कपडे काचेपलीकडून बघा, कापड कसं पडतं, घेर कुठून सुटतो, ते डोळ्यात साठवा आणि मग नव्या शिवलेल्या कपड्यावर प्रयोग करा.

नवीन कापडाला गिरणीची खळ आधीच असते, विणताना धागा तुटू नये म्हणून घातलेली. तिच्यावर आपली घातली तर डाग-डाग दिसतं. म्हणून शिवायच्या आधीच कापड रात्रभर पाण्यात भिजत घाला, सकाळी धुण्याचा सोडा टाकलेल्या गरम पाण्यात धुवा, दोन-तीनदा खळबळून काढा. सुती कापड यात आटतं ते पण शिवायच्या आधीच आटून जातं, नाहीतर बाराबंदी धुतल्यावर धाकट्या भावाला होते. रंगीत असेल तर ओल्या पांढऱ्या फडक्याने एक कोपरा चोळून बघा, फडक्याला रंग लागला तर त्या कपड्याला कोमट नाही, पूर्ण गार झालेलीच खळ लावायची आणि झटपट काढायचं.

कशाची खळ

साबुदाणा: पुण्यातल्या बहुतेक घरांत कॉटनच्या साडीला हीच करतात आणि बरोबरच करतात. साबुदाणा म्हणजे टॅपिओका, त्याची खळ शिजल्यावर जवळजवळ पारदर्शक होते म्हणून गडद रंगावर पांढरट झाक कमी दिसते, आणि वाळल्यावर थोडी लवचिक राहते. नऊवारी, गडद अंगरखा, रंगीत परकर यांना मी हीच घेईन.

कॉर्नफ्लोअर: सगळ्यात बिनडोक्याचं काम, दहा मिनिटांत तयार. पण पांढरं, बोटाला करकरणारं कॉर्नफ्लोअर हवं, मक्याचं पिवळं पीठ नाही, त्यात बाकी सगळंच असतं आणि कपडा पिवळट आणि खरखरीत होतो. याची खळ साबुदाण्यापेक्षा कडक बसते. पांढऱ्या कपड्यांना उत्तम, काळ्या-निळ्यावर धुरकट दिसू शकते.

भाताची पेज: वेळून काढलेली पेज फुकट असते हा तिचा मोठा गुण. पण प्रत्येक वेळी दाटपणा वेगळा, त्यामुळे दहा जणांचे सारखे उपरणे करायचे असतील तर पेजेच्या नादी लागू नका. इंद्रायणीसारख्या चिकट भाताची तर नकोच, तिच्यावर इस्त्री ओढते. मीठ-तेल घातलेल्या भाताची पेज घेऊ नका हे सांगायला नको, तरी सांगतो.

गव्हाचा चीक: हा माझा आवडता, आणि इथे जरा थांबतो. युरोपात सोळाव्या शतकात ज्या त्या गळ्याभोवतीच्या मोठ्या गोल झालरी घालायचे (राणी एलिझाबेथच्या चित्रात दिसतात त्या, इंग्रजीत रफ म्हणतात), त्या उभ्या राहायच्या गव्हाच्या खळीवर. ती करायची पद्धत म्हणजे गहू किंवा कोंडा बरेच दिवस पाण्यात आंबवायचा, पिळून गाळायचा, खाली बसलेला पांढरा साका वाळवायचा. आता हे वाचून कुठल्याही मराठी घरातली बाई म्हणेल की अहो ही तर कुरडईची पूर्वतयारी झाली. अगदी तेच. लंडनमध्ये १५६४ साली डिंगेन व्हॅन डेर प्लासे नावाची एक फ्लेमिश बाई आली आणि तिने खळ करायला आणि झालरींना लावायला शिकवायचे चांगले पैसे घेतले, आपल्याकडे चैत्र-वैशाखात गच्चीवर हे फुकट शिकायला मिळतं. फरक एकच, तिकडे धान्य टंचाईच्या काळात लोक ओरडायचे की खायचा गहू कॉलरीत घालतायत. आपण चीक खातो, हे जास्त शहाणपणाचं.

कपड्यासाठी चीक काढायचा तर गहू तीन दिवस भिजवा, रोज पाणी बदला, मग वाटून भरपूर पाण्यात कालवून पिळा, चाळणीतून आणि नंतर पातळ फडक्यातून गाळा. रात्रभर स्थिर ठेवा, सकाळी वरचं पाणी हळूच ओता. कुरडईला इथपर्यंत पुरतं, कपड्याला नाही: साक्यावर करड्या-पिवळ्या रंगाचा मऊ थर असतो तो चमच्याने खरवडून काढा, परत स्वच्छ पाणी घालून ढवळा, परत बसू द्या, परत ओता, असं दोनदा तरी. तो पिवळा थर राहिला तर खळ लवकर आंबते आणि पांढरा कपडा मळकट दिसतो. ओला चीक वापरणार असाल तर खाली दिलेल्या मापाच्या दुप्पट वजन धरा कारण त्यात जवळपास निम्मं पाणी असतं. उन्हात खडखडीत वाळवून बरणीत भरला तर पावसाळ्यातही वापरता येतो.

माप

किचनचा वजनकाटा असेल तर काढा. नसेल तर कॉर्नफ्लोअरचा सपाट टेबलस्पून साधारण ८ ग्रॅम धरा.

एक लिटर पाण्याला १० ग्रॅम म्हणजे हलकी. उपरणं, सलग चार-पाच तास अंगावर राहणारे कपडे, ढोलपथकातले कुडते, लहान मुलांचं काहीही. २० ते २५ ग्रॅम म्हणजे मध्यम, यात अंगरख्याचा घेर, धोतर, नऊवारी, परकर. ५० ग्रॅम म्हणजे कडक, ती फक्त कॉलर, कफ, टोपी, झालर यांना. साबुदाणा असेल तर हाच हिशोब चालतो, दाणे वजन करून घ्यायचे.

हे आकडे एकदा समजून घेतले की पुढे स्वतःचे स्वतः बदलता येतात. हाताने पिळलेल्या सुती कपड्यात साधारण त्याच्या वजनाइतकं पाणी राहतं, म्हणजे ४०० ग्रॅमचा अंगरखा २५ ग्रॅमच्या खळीतून काढला तर त्यात अंदाजे १० ग्रॅम स्टार्च राहिलं. आता हाच अंगरखा आधीच ओलागच्च असेल तर त्यातलं पाणी खळ पातळ करतं आणि मग लोक म्हणतात माप चुकलं. म्हणून धुऊन, घट्ट पिळून, अर्धवट वाळलेला असताना बुडवायचा. पूर्ण कोरडा बुडवला तर पहिल्या क्षणी जिथे लागली तिथे खळ जास्त पिते आणि ढग-ढग दिसतात. कडक खळीच्या छोट्या तुकड्यांना मात्र कोरडंच बरं.

शिजवणं

कॉर्नफ्लोअर किंवा चीक असेल तर लिटरमधलं एक कपभर पाणी गार ठेवा आणि त्यात पावडर कालवून घ्या, एकही गुठळी नको. उरलेलं पाणी उकळवा, गॅस बारीक करा, आणि एका हाताने ढवळत दुसऱ्या हाताने ते कालवलेलं धारेने सोडा. आधी दुधी दिसेल, मग दाटत जाऊन झळाळी येईल. स्टार्चचे कण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान पाणी पिऊन फुगतात आणि तेव्हा खळ होते, पण तेवढ्यावर न थांबता ढवळत चार-पाच मिनिटं शिजू द्या, कच्चट राहिली तर कपड्यावर पीठ दिसतं.

साबुदाणा दोन तास भिजवून मग भरपूर पाण्यात शिजवायचा, दाण्याच्या आतला पांढरा ठिपका जाईपर्यंत. घाई असेल तर मिक्सरमध्ये कोरडाच फिरवून पावडर करा आणि कॉर्नफ्लोअरसारखं करा.

मग गाळणं. चहाचं गाळणं नको, जुन्या पंचाचा किंवा मलमलीचा तुकडा घ्या. ही पायरी सोडलेली मी ज्या ज्या कपड्यांवर बघितलीय तिथे इस्त्रीनंतर चिकट पिवळे ठिपके ठरलेले. गाळून झाकून ठेवा, उघडी ठेवली तर साय येते आणि ती परत गुठळ्या करते. कोमट झाली की वापरायची.

खळीत काय काय घालतात त्याबद्दल: चिमूटभर मीठ घाला, इस्त्री सटकते. पांढऱ्या कपड्याला निळीचे दोन-तीन थेंब, पण आधी पाण्यात विरघळवून, थेट टाकाल तर निळे डाग. कडक खळीत टाकणखार (बोरॅक्स) घालतात, लिटरला पाव-अर्धा चमचा गरम पाण्यात विरघळवून, त्याने चकाकी आणि ताठपणा येतो. काष्ठौषधीच्या दुकानात मिळतो. मात्र तो पोटात जायची वस्तू नाही, भांडं वेगळं ठेवा आणि मुलांपासून लांब ठेवा. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात पिवळ्या झालरींची फॅशन होती, तशी पिवळी हवी असेल तर केशर वापरा. हळद नको, हळद साबणाने लाल होते आणि उन्हात उडून जाते, आणि टाकणखार घातलेला असेल तर बादलीतच रंग बदलेल.

बुडवणं आणि वाळवणं

बादलीत खळ घ्या, कपडा पूर्ण बुडवा, हाताने दाबून दाबून सगळीकडे पोचवा, पिळून काढा. पिळा मारू नका, मुठीने दाबा, विशेषतः चुण्या असलेल्या बाह्यांना. आणि इथे तो भागांचा मुद्दा येतो. अंगरख्याचा कमरेखालचा घेर बुडवायचा, पण काखा, पाठ आणि छातीचा पट्टा कोरा ठेवायचा किंवा ती खळ निम्म्याने पातळ करून नुसता ओला हात फिरवायचा. का, तर रंगमंचावर दिव्यांखाली किंवा मार्चच्या उन्हात माणसाला घाम येतो, खळ परत ओली होते आणि चिकट होते, नट पूर्ण अंक खाजवत असतो. बंद पण कोरेच ठेवा, कडक बंदाची गाठ सुटते, आणि बाराबंदीत तर बंदच बंद आहेत. बाह्यांवर चुण्या हव्या असतील तर मध्यम खळीत भिजवलेली बाही मनगटापासून वर गोळा करत न्या, हलका पीळ द्या, सुतळीने दोन-तीन ठिकाणी बांधा आणि तशीच वाळवा. सोडल्यावर आडव्या चुण्या राहतात, त्यावर इस्त्री फिरवायची नाही.

धोतर आणि नऊवारीत काठाला जास्त आणि मध्ये कमी असं कोणी करत नाही आणि गरज पण नाही, एकसारखी मध्यम पुरते. फक्त काष्ट्यासाठी जो भाग मागे जातो तो फार कडक झाला तर बसताना टोचतो. पगडीला यातलं काहीही करू नका, ती साच्यावर बांधलेली असते, भिजली की गेली.

वाळत घालायच्या आधी जोरात झटका, शिवणी हाताने ओढून सरळ करा, शिवणीत साठलेली खळ ओल्या फडक्याने पुसा. चिमटे लावलेच तर आतल्या बाजूने. पांढरं उन्हात, रंगीत सावलीत. फ्लॅटच्या गॅलरीत स्टँडवर नऊवारी घालायची तर घड्या एकमेकींना चिकटतात, त्यापेक्षा सोसायटीच्या गच्चीवर लांब दोरी बांधा. जुलै-ऑगस्टमध्ये काम वेगळं, हवाच इतकी ओली की वाळायला दीड दिवस लागतो आणि तोपर्यंत आंबूस वास येतो. तेव्हा पंख्याखाली वाळवा, खळ ताजी करा, आणि गणपतीसाठीचे कपडे शक्य तितके कार्यक्रमाच्या जवळ खळ करा कारण कडक केलेली कॉलर दमट हवेत आपोआप मऊ पडते.

बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर ते जड असतं, साबण नीट निघत नाही आणि साबणावर खळ बसली की करडी दिसते. शेवटचं खळबळणं तरी नळाच्या किंवा पिण्याच्या पाण्यात करा.

इस्त्री

पूर्ण वाळलेल्या कपड्यावर थेट इस्त्री करू नका. हाताने पाणी शिंपडा, गुंडाळी करा, टॉवेलमध्ये तासभर ठेवा म्हणजे ओल सगळीकडे सारखी होते. मग इस्त्री कॉटनवर, आणि गडद रंग उलट्या बाजूने. इस्त्री एका जागी थांबली तर स्टार्च करपून तपकिरी होतं. तळाला खळ चिकटली तर गार झाल्यावर ओल्या फडक्याने पुसा, चाकू लावू नका.

कोपऱ्यावरच्या टपरीवर कोळशाची इस्त्री असेल तर नऊवारी आणि धोतर तिथे द्यायला मला आवडतं, ती जड असते आणि घडी सुरीसारखी पडते. फक्त काकांना सांगा की खळ आहे, आणि पांढऱ्या कपड्यावर आधी निखारे झाडून घ्या म्हणावं. अंगरख्याच्या घेराला मात्र घडी नकोच, हँगरला लटकवून हाताने पाडायचा.

आता ती झालर

कॉलेजमध्ये शेक्सपिअरचं मराठी नाटक बसवताना ही लागते आणि मग कोणीतरी चार्टपेपर कापायला घेतो. पातळ मलमलीची लांब पट्टी घ्या, गळ्याच्या मापाच्या कितीतरी पट, काठ दुमडून शिवा, एका बाजूने बारीक प्लेट घालून गळपट्टीत बसवा. लिटरला ५० ग्रॅमची गव्हाची किंवा कॉर्नफ्लोअरची खळ, टाकणखारासकट. बुडवा, पिळा, आणि ओली असतानाच प्रत्येक लाटेत एक गोल नळी घाला. त्या काळी तापवलेल्या लोखंडी सळया फिरवायचे, आपण प्लंबिंगच्या दुकानातून अर्ध्या इंची पीव्हीसी पाइप आणून बोटभर लांबीचे तुकडे कापायचे. वरून खालून एकाआड एक बसवत गेलं की आठच्या आकड्यासारखी नक्षी होते. नळ्यांसकट वाळवा, काढा, हवं तर केस कुरळे करायच्या मशीनने एकेक लाट पक्की करा, पण आधी चिंधीवर तापमान बघा.

सुट्ट्या कॉलरला एक वेगळी पद्धत आहे, एकोणिसाव्या शतकातली, कच्च्या खळीची. दोन टेबलस्पून तांदळाचं अगदी बारीक स्टार्च किंवा कॉर्नफ्लोअर पाव लिटर गार पाण्यात, चिमूटभर टाकणखार, शिजवायचं नाही. कोरडी कॉलर त्यात चोळून बुडवा, टॉवेलमध्ये दाबा, ओली असतानाच गरम इस्त्री मारा, म्हणजे स्टार्च कापडाच्या आतच शिजतं आणि पुठ्ठ्यासारखी ताठ होते. तांदळाचा कण फार बारीक असतो म्हणून तो विणीत शिरतो.

उरलेली शिजवलेली खळ फ्रीजमध्ये दोन दिवस टिकते, वास आला की फेकायची, परत उकळून वापरू नका. सिंकमध्ये दाट ओतू नका, पाइप तुंबतो, पातळ करून झाडांना घाला, टाकणखार घातलेली असेल तर झाडांना पण नको.

प्रयोग संपला की खळ घातलेले कपडे तसेच ट्रंकेत टाकायची सवय जवळपास सगळ्या ग्रुपना असते. खळ म्हणजे शेवटी अन्न आहे, कसर आणि झुरळं त्यावरच येतात, आणि पावसाळ्यात काळे बुरशीचे ठिपके पडतात जे नंतर कशानेही जात नाहीत. म्हणून कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून, धुऊन, खळ पूर्ण काढून, खडखडीत वाळवून, जुन्या सुती चादरीत गुंडाळून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत नको. गळ्याची झालर मात्र पुढच्याच आठवड्यात परत लागणार असेल तर नळ्यांसकट खोक्यात ठेवली तरी चालते.